उच्च अभ्यासक्रमाची निवड

आपल्या देवळाच्या महोत्सवी वर्षांत भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण



महोत्सवाच्या ह्या मंगल वर्षांत आपण देवळाच्या भिंतींना नवा रंग दिला, घंटेचा जुना दोर बदलला, आणि वाडवडिलांच्या थडग्यांवरील गवत काढून तीं स्वच्छ केलीं. मागल्यांची आठवण राखणें हें आपलें कर्तव्य होतें, व तें आपण उत्तम रीतीनें पार पाडिलें. परंतु देऊळ ज्यांनीं बांधिलें त्यांचेंच तें नसतें. जीं मुलें उद्यां तेथें गुडघे टेकणार त्यांचेंहि तें असतें. म्हणून आजच्या सभेसाठीं विषय सुचवा असें महोत्सव मंडळानें मला सांगितलें, तेव्हां मीं मुलांच्या शिक्षणाचा विषय मागून घेतला. आणि त्यांतहि असा एक प्रश्न निवडिला, कीं जो दिसण्यांत लहान आहे, पण ज्यानें कित्येक घरांची झोप उडविली आहे.

प्रश्न असा. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे मुलगे व मुली आज अमेरिकेंत स्थायिक झाले आहेत. त्यांचीं मुलें तेथील शाळेंत नववी-दहावीस पोहोंचलीं म्हणजे कित्येक शाळा त्यांच्यापुढें दोन वाटा मांडतात. एका वाटेचें नांव अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. दुसरीचें इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट. तेथील लोक एकीला ए. पी. व दुसरीला आय. बी. म्हणतात, आपणहि तसेंच म्हणूं. दोन्ही वाटा साध्या शालेय अभ्यासाहून कठीण. दोहोंचीहि कीर्ति मोठी. मग तेथून फोन येतो, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आजोबा माझ्या दारांत उभे राहतात: “फादर, आमच्या नातवाला कोणत्या वर्गांत घालावें?” आतां तर हा प्रश्न दूर देशाचा राहिलेला नाहीं. मुंबई-पुण्याच्या कांहीं शाळांनींहि आय. बी. चा अभ्यासक्रम चालविला आहे, आणि आपल्यापैकीं कांहीं पालक त्या शाळांचीं माहितीपत्रकें घेऊन मजकडे येतात.

मी सेमिनरींत शिकलेला माणूस; असल्या परीक्षा मीं स्वतः कधीं दिल्या नाहींत. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, ह्याच प्रश्नाचें उत्तर मीं एकदां चुकीचें दिलें आहे. ती गोष्ट मी पुढें सांगणार आहें. आधीं ह्या दोन वाटा कोठून निघाल्या तें पाहूं; कारण मूळ कळलें म्हणजे फळ असें कां लागलें, तेंहि कळतें.

दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंतील कांहीं शिक्षकांच्या ध्यानांत आलें कीं, हुशार मुलगा शाळेच्या शेवटल्या वर्षीं जें शिकतो, तेंच त्याला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं पुन्हां शिकावें लागतें. अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल ह्या तीन शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल हीं तीन विद्यापीठें यांच्या शिक्षकांनीं एकत्र बसून ह्या पुनरुक्तीचा विचार केला व १९५२ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. फोर्ड फौंडेशननें पैसा पुरविला. १९५५ सालीं कॉलेज बोर्ड ह्या संस्थेनें ही योजना आपल्या हातीं घेतली, आणि तीच आजची ए. पी. होय. वेळ फुकट जाऊं नये, ज्याला पुढें जातां येतें त्याला कोणी अडवूं नये, हा तिचा मूळ हेतु. म्हणून तिची रचनाहि तशीच मोकळी आहे. आज तींत सुमारे चाळीस विषय आहेत. मुलानें एक घ्यावा, तीन घ्यावे, कीं सहा, हें त्याचें तो ठरवितो. प्रत्येक विषय आपल्या पायांवर उभा. एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. मे महिन्यांत परीक्षा होते व १ ते ५ यांपैकीं एक गुण मिळतो. कित्येक विद्यापीठें ३ गुणांवर, कित्येक ४ किंवा ५ गुणांवरच, त्या विषयाचें पहिल्या वर्षाचें श्रेय देतात. आणखी एक सोय अशी कीं, शाळेंत तो वर्ग नसला तरी घरीं अभ्यास करून परीक्षेस बसतां येतें.

दुसऱ्या वाटेचा उगम निराळा. पहिल्या महायुद्धानंतर जिनेव्हा शहरांत राष्ट्रसंघाची कचेरी आली. तेथें नोकरीस आलेल्या नाना देशांच्या लोकांच्या मुलांसाठीं १९२४ सालीं एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पण मुलें मोठीं झालीं म्हणजे पंचाईत पडे. फ्रेंच मुलाला फ्रान्सची परीक्षा, इंग्रज मुलाला इंग्लंडची, अमेरिकन मुलाला अमेरिकेची. एका वर्गांतलीं मुलें शेवटल्या वर्षीं चार दिशांना पांगत. पुढें ह्याच शहरांत १९६८ सालीं इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था स्थापन झाली व १९७० पासून तिच्या रीतसर परीक्षा सुरू झाल्या. बाप बदलीवर कोणत्याहि देशीं गेला तरी मुलाचें शिक्षण मोडूं नये, आणि मुलगा एका देशाचाच होऊन राहूं नये, हा तिचा मूळ हेतु. म्हणून तिची रचना ही एक सबंध घडण आहे.

ती घडण अशी. शाळेच्या शेवटल्या दोन वर्षांत मुलानें सहा विषय घ्यावयाचे: आपल्या भाषेचें साहित्य, एक दुसरी भाषा, इतिहास-अर्थशास्त्रासारखा एक सामाजिक विषय, एक विज्ञान, गणित, आणि सहावी कला, कलेच्या जागीं वरच्यांपैकीं आणखी एक विषय घेतां येतो. ह्यांतले साधारणतः तीन विषय उच्च पातळीवर शिकावयाचे. प्रत्येकास २४० तासांचें अध्यापन. उरलेले साध्या पातळीवर, १५० तासांचे. प्रत्येक विषयास ७ गुण, म्हणजे सहांचे ४२. शिवाय मुलानें स्वतः विषय शोधून चार हजार शब्दांपर्यंतचा एक प्रबंध लिहावयाचा. आणि “ज्ञान म्हणजे काय, तें आपणांस कसें होतें” ह्या विषयाचा एक स्वतंत्र पाठ घ्यावयाचा. ह्या दोहोंचे मिळून ३ गुण; एकूण ४५. पदविका मिळण्यास निदान २४ गुण व दुसऱ्या कांहीं अटी. ह्याखेरीज कला, क्रीडा व सेवा ह्यांत दोन वर्षें कांहीं ना कांहीं करीत राहिलें पाहिजे. त्यास गुण नाहींत; पण तें झाल्याविना पदविकाहि नाहीं.

आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ए. पी. म्हणजे बाजार. तुम्हांला हवी ती भाजी घ्या, तिचेच पैसे द्या व घरीं जा. आय. बी. म्हणजे पंगतीचें पान. त्यावर मीठ, लिंबू, कोशिंबीर, भात, गोड, सर्व आपापल्या जागीं वाढलेलें. पानावर बसल्यावर “मला फक्त गोड वाढा” असें म्हणतां येत नाहीं. बाजार वाईट नव्हे व पंगतहि वाईट नव्हे. मात्र आपण कोठें आलों आहों, हें येणाऱ्याला ठाऊक असावें.

आतां माझी चूक सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्यापैकींच एका कुटुंबांतला, अमेरिकेंत वाढलेला एक मुलगा उन्हाळ्याच्या सुटींत आजीकडे आला होता. त्याच्या शाळेंत दोन्ही वाटा होत्या. आजी त्याला घेऊन मजकडे आली. मीं आय. बी. चें पुस्तक चाळलें, आणि “ज्ञान म्हणजे काय” हा पाठ पाहून माझें मन हरखून गेलें. सेमिनरींत ईश्वरज्ञानशास्त्राच्या आधीं आम्हांस तत्त्वज्ञान शिकावें लागे. तुला एक गोष्ट ठाऊक आहे. पण ती तुला ठाऊक आहे हें तुला कशावरून ठाऊक, असला प्रश्न आमचे गुरुजी विचारीत व आम्ही रात्ररात्र वाद घालीत बसत असूं. सतरा वर्षांच्या मुलांना हा आनंद मिळतो, हें पाहून मला वाटलें, ह्याहून उत्तम शिक्षण तें कोणतें? मुलगा म्हणाला, “फादर, मला गणित आवडतें. गणित मिळालें कीं मला आणखी कांहीं नको.” मीं म्हटलें, “बाळा, नुसत्या गणितानें माणूस होत नाहीं.” वाक्य खरें होतें, पण तें त्या मुलाला, त्या वेळीं सांगणें खरें नव्हतें. मीं आय. बी. सुचविली. फादरांनीं सांगितलें म्हणून आईबापांनीं ऐकलें.

मीं काय विचारावयास हवें होतें, तें मला मागाहून कळलें. त्या शाळेंत त्या वर्षीं उच्च पातळीचें गणित शिकविण्याची सोयच नव्हती. जो विषय त्या मुलाचा श्वास, तोच त्याला साध्या पातळीवर मिळाला; आणि त्याचा सारा वेळ निबंधांत, भाषेंत व टिपणांत जाऊं लागला. नाताळच्या सुमारास आजी मजकडे आली. तिनें बसावयाचेंहि नाकारलें. उभ्यानेंच म्हणाली, “फादर, पोर रात्रीं दोनला झोपतें नि सहाला उठतें. फोनवर पूर्वीसारखें बोलत नाहीं. एवढें कां करतोस म्हणून विचारलें, तर म्हणतें, फादरांनीं सांगितलें ना.”

बंधुभगिनींनो, उपदेश करणाऱ्यानें ऐकावें असें ह्याहून जड वाक्य मीं ऐकलेलें नाहीं. मीं त्याच रात्रीं त्याच्या बापाशीं फोनवर बोललों व माझी चूक कबूल केली. वर्ष संपल्यावर मुलानें पदविकेचा नाद सोडला. आय. बी. चे दोनच विषय त्यानें सुटे म्हणून पुढें चालविले, कारण पदविका न घेतां सुटे विषय घेण्याचीहि तेथें मुभा आहे. आणि कॅल्क्युलस व पदार्थविज्ञान ह्या विषयांच्या ए. पी. परीक्षा दिल्या. पुन्हां त्याच्या डोळ्यांत झोप व तोंडांत शब्द आले. आज तो विद्यापीठांत गणितच शिकतो आहे. तो मजवर रागावलेला नाहीं. पण त्याचें एक वर्ष माझ्या आवडीपायीं गेलें, हें मी विसरूं शकत नाहीं.

गोष्ट येथें संपत नाहीं. त्या मुलाला धाकटी बहीण आहे. तिची पाळी आली तेव्हां आईबाप धास्तावलेले. “आय. बी. चें नांवहि नको,” असें बाप म्हणाला. ह्या खेपेस मीं सल्ला दिला नाहीं, मुलीलाच विचारलें, “शाळेचें काम संपलें म्हणजे तूं काय करतेस?” ती म्हणाली, “वाचतें. आणि आजीला जुन्या गोष्टी विचारतें.” मग मीं बापाला एवढेंच म्हटलें कीं, भावाचा जोडा बहिणीच्या पायांत घालूं नका, आणि शाळेंत जाऊन नीट चौकशी करा. मुलीनें पूर्ण पदविका घेतली. तिच्या चार हजार शब्दांच्या प्रबंधाचा विषय होता आपल्या वसईच्या विहिरी व पानवेलीच्या बागा. एक संबंध उन्हाळा ती आजीच्या ओटीवर वही घेऊन बसली होती. रहाट कसा चाले, पंप केव्हां आले, विहिरीचें पाणी खारट केव्हांपासून लागूं लागलें, हें एकेका म्हाताऱ्याला विचारीत होती. तिलाहि कष्ट पडले, तीहि रडली. पण तें रडणें काम नीट उतरावें म्हणून होतें; काम सुटावें म्हणून नव्हतें. पुढें तिच्या विद्यापीठानें केवळ उच्च पातळीच्या विषयांचें श्रेय दिलें. साऱ्या विषयांचें श्रेय मिळून वर्षभराची फी वांचेल, असा बापाचा हिशेब होता. तो चुकला, हेंहि मीं सांगितलें पाहिजे. मुलीला मात्र त्याचें दुःख नाहीं.

एकच घर, एकच आई, दोन मुलें व दोन उत्तरें. एकाच विहिरीचें पाणी केळीला एका मापानें व पानवेलीला दुसऱ्या मापानें द्यावें लागतें, हें वसईच्या बागाइतदारांना मीं सांगावयास नको. जें झाडांच्या बाबतींत आपण जाणतों, तें मुलांच्या बाबतींत विसरतों, एवढेंच.

ह्या दोन अनुभवांवरून मीं स्वतःसाठीं कांहीं प्रश्न लिहून ठेविले आहेत. आजोबा दारांत आले कीं मी आतां उत्तर देत नाहीं. हे प्रश्न त्यांच्या हातीं देतों.

पहिला प्रश्न मुलाविषयीं. हा मुलगा एकाच गोष्टींत खोल जाणारा आहे, कीं पुष्कळ गोष्टींत रमणारा? महिनोन्‌महिने थोडें थोडें करून एखादें काम तडीस नेण्याची त्याला संवय आहे, कीं परीक्षेच्या दिवशीं त्याचें तेज प्रकट होतें? आय. बी. मध्यें शेवटली परीक्षा असतेच. पण प्रत्येक विषयांत वर्षभर चालणारें लेखी वा प्रायोगिक कामहि असतें, व त्याचे गुण धरले जातात. ए. पी. च्या बहुतेक विषयांत मे महिन्यांतल्या परीक्षेवरच सारें अवलंबून असतें. ज्याला कागदपत्रें वेळेवर देण्याचें वळण नाहीं, त्याला पहिली वाट जाचते. ज्याचे परीक्षेंत हात थरथरतात, त्याला दुसरी. आणि मुलाच्या झोपेचा प्रश्न गौण समजूं नका. मीं तो समजलों होतों.

दुसरा प्रश्न शाळेविषयीं. अभ्यासक्रमाचें नांव कितीहि मोठें असो, मुलाला नांव शिकवीत नाहीं, शिक्षक शिकवितो. म्हणून शाळेंत जाऊन स्पष्ट विचारावें. उच्च पातळीवर कोणकोणते विषय खरोखर शिकविले जातात? पदविकेच्या वर्गांत जितकीं मुलें बसलीं, त्यांतलीं किती शेवटपर्यंत टिकलीं? ए. पी. च्या ह्या विषयांत मुलांना साधारण किती गुण पडतात? वरच्या वर्गांतल्या दोन-चार मुलांना घरीं बोलावून चहा पाजा व त्यांचें ऐका. छापील पत्रकांत नसलेल्या पुष्कळ गोष्टी तीं सांगतील. जेथें ए. पी. चे शिक्षक उत्तम आहेत व आय. बी. नुकतीच सुरू झाली आहे, तेथें कीर्तीसाठीं आय. बी. कडे धांवूं नये. आणि जेथें आय. बी. वर्षानुवर्षें रुजली आहे, तेथें तिला भिऊं नये.

तिसरा प्रश्न पुढल्या वाटेविषयीं. मुलगा कोठें जाणार? अमेरिकेंतील प्रत्येक विद्यापीठाचा श्रेय देण्याचा नियम निराळा असतो व तो लेखी असतो. तो वाचावा, ऐकीव गोष्टींवर विसंबूं नये. कित्येक विद्यापीठें आय. बी. च्या उच्च पातळीच्या विषयांनाच मान देतात. डार्टमथसारख्या विद्यापीठानें तर २०१४ सालीं दाखल झालेल्या मुलांपासून ए. पी. वा आय. बी. च्या गुणांवर पदवीचें श्रेय देणें बंद केलें. तेव्हां ‘इतक्या परीक्षा दिल्या म्हणजे इतकी फी वांचली’ हा हिशेब सर्वत्र लागू पडत नाहीं. इंग्लंड व युरोप ह्यांच्या विद्यापीठांत आय. बी. ची पदविका सुपरिचित आहे, तेथें ए. पी. वर प्रवेश हवा असेल, तर सामान्यतः अनेक विषयांत चांगले गुण दाखवावे लागतात. प्रवेश देणारे आणखी एक गोष्ट पाहतात: मुलाच्या शाळेंत जें उपलब्ध होतें, त्यांतलें कठीण त्यानें घेतलें कीं नाहीं. ज्या शाळेंत आय. बी. नाहीं, तेथील मुलाला ती कां घेतली नाहीं, म्हणून कोणी दोष देत नाहीं. हें ऐकून पुष्कळ आईबापांच्या जिवाला शांति मिळावी.

चौथा प्रश्न घराविषयीं. ए. पी. च्या एकेका परीक्षेस सुमारें शंभर डॉलर पडतात, आय. बी. च्या परीक्षेस त्याहून कांहींसें अधिक. मिळकत कमी असलेल्यांस फींत सवलत असते, व कोठें कोठें सरकार किंवा शाळा ती भरते. ती मागण्यांत लाज मानूं नये. पण पैशाखेरीज दुसराहि खर्च आहे. मुलगा धाकट्या भावंडांना सांभाळतो काय? शाळा तासाभराच्या अंतरावर आहे काय? रविवारचा दिवस घराला व देवाला उरेल काय?

पांचवा प्रश्न लोक फार विचारतात. पण तो प्रश्नच नव्हे. शेजारच्यांच्या मुलानें काय घेतलें? ह्या एका प्रश्नानें ए. पी. च्या मोकळ्या बाजाराचेंहि ओझें करून टाकिलें आहे. कोणी आठ परीक्षा देतो, म्हणून दुसरा दहा देतो, म्हणून तिसरा बारा. जी योजना वेळ वांचविण्यास निघाली, ती अशा घरांत मुलाचें सारें बाळपण गिळते. आवडत्या तीन-चार विषयांत मन घालून केलेला अभ्यास हा बारा विषयांत ओढाताणीनें केलेल्या अभ्यासाहून मुलाच्या अधिक उपयोगीं पडतो.

दोन वाटांमध्यें भिंत आहे, असेंहि समजूं नये. ए. पी. मध्यें २०१४ पासून कॅपस्टोन म्हणून एक योजना आहे. तींत मुलगा चर्चा करावयास व स्वतंत्र संशोधन लिहावयास शिकतो. म्हणजे बाजारांतहि पंगतीचें थोडेंसें पान वाढलें गेलें आहे. उलटपक्षीं आय. बी. चे सुटे विषय घेतां येतात, हें त्या मुलाच्या गोष्टींत आपण पाहिलेंच. कित्येक गांवीं तिसरीहि वाट असते: शाळेंत असतांनाच जवळच्या महाविद्यालयांत एखादा वर्ग करणें. साऱ्या वाटा पाहूनच पाऊल टाकावें, आणि टाकलेलें पाऊल चुकलें तर मागें घेण्यास लाजूं नये.

आतां आपल्या इकडच्या पालकांसाठीं चार शब्द. हिंदुस्थानांत आय. बी. नवी नाहीं. कोडाईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेंत ती १९७६ सालीं आली. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरांत महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून ती चालवीत आहे. भारतीय विद्यापीठांच्या संघानें ही पदविका बारावीच्या बरोबरीची म्हणून मानिली आहे. तरी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, ज्याला वैद्यकीच्या नीट परीक्षेस किंवा अभियांत्रिकीच्या जे. ई. ई. परीक्षेस बसावयाचें आहे, त्यानें पुन्हां विचार करावा. नीटसाठीं पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात, आय. बी. च्या सहा खणांत हे तिन्ही बसविणें साध्या रीतीनें होत नाहीं, शाळेशीं आधींच बोलून ठेवावें लागतें. शिवाय त्या प्रवेशपरीक्षांचा अभ्यास निराळ्या वळणाचा. दोन्ही ओझीं एकदम उचलणें फार थोड्यांना साधतें. दोन, मे महिन्यांतल्या आय. बी. परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभीं लागतो. तोंवर इकडे कित्येक ठिकाणीं प्रवेशाची धांवपळ सुरू झालेली असते. तीन, ह्या शाळांची वर्षाची फी कित्येक लाख रुपये असते. वाडी विकून ती भरण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्यानें विकण्याआधीं मजकडे यावें, एवढीच माझी विनंती.

आणखी एक. आय. बी. च्या सहा विषयांत पहिला मान मुलाच्या स्वतःच्या भाषेच्या साहित्याला दिलेला आहे. जगभर फिरणाऱ्या मुलांसाठीं योजना आंखणाऱ्यांना वाटलें कीं, ज्याला स्वतःची भाषा नाहीं तो दुसऱ्याची काय शिकणार? आपल्या घरीं मात्र इंग्रजी शाळेंत मूल गेलें कीं आजीशीं बोलतांना त्याची जीभ अडखळते, आणि आपण कौतुकानें हंसतों. मुलगा कोणत्याहि वाटेनें जावो. पण घरांत मराठी व आपली बोली त्याच्या कानीं पडूं द्या. त्या मुलीचा प्रबंध आजीच्या ओटीवर लिहिला गेला, तो तिला आजीची भाषा समजत होती म्हणून.

२०२० सालीं महामारी आली तेव्हां मे महिन्यांतल्या आय. बी. परीक्षा रद्द झाल्या व वर्षभराच्या कामावरून आणि आंकड्यांच्या हिशेबानें गुण दिले गेले. जगभर कित्येक मुलांनीं तक्रार केली कीं आमचा न्याय झाला नाहीं. त्याच वर्षीं ए. पी. ची परीक्षा मुलांनीं घरीं बसून, थोडक्या मिनिटांत दिली. इतकीं वर्षें अढळ वाटलेलीं मापें एका ऋतूंत बदललीं. हें मी परीक्षांना हलकें लेखण्यासाठीं सांगत नाहीं. परीक्षा उपयोगाच्या आहेत. पण मुलाचें मोल त्यांच्या कांट्यावर सबंध उतरत नाहीं, हें आईबापांनीं जाणलें तरच मूल निर्भय होऊन अभ्यास करील.

शेवटीं एक गोष्ट. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ख्रिस्ती शिक्षणाविषयीं जें घोषणापत्र काढलें, त्यांत आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असें स्पष्ट सांगितलें आहे. शाळा व धर्मगुरु हे त्यांचे मदतनीस. माझ्या चुकीचें मूळ येथेंच होतें. मीं मदतनिसाची जागा सोडून मुख्याच्या जागीं बसलों, आणि आईबापांनीं आदरापोटीं ती जागा रिकामी करून दिली. पुन्हां असें करूं नका. मजकडे अवश्य या. मी प्रश्न विचारीन, मला ठाऊक असलेलें सांगेन, व तुमच्यासाठीं प्रार्थना करीन. पण निवड तुमची व तुमच्या मुलाची. आणि तींत मुलाचें बोलणें आधीं ऐका.

महोत्सव मंडळास माझी एक सूचना आहे. आपल्या धर्मग्रामांतलीं जीं मुलें ह्या वाटांनीं जाऊन आलीं, तीं नाताळांत किंवा मे महिन्यांत सुटीवर येतात. अशा वेळीं एका रविवारीं मिस्सेनंतर त्यांना देवळाच्या दालनांत बसवावें, व ज्यांचीं मुलें नववी-दहावींत आहेत अशा पालकांनीं त्यांना मनमोकळेपणें विचारावें. गणित शिकणारा तो मुलगा ह्या नाताळांत येणार आहे. मीं त्याला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “येईन, फादर, पण तुम्हीं मध्यें बोलावयाचें नाहीं.” मीं तें मान्य केलें आहे.